सात दाणे, आठ घोडे

दलपत आला तेव्हा गजराबाईचे हात कोपरापर्यंत चिखलात होते, म्हणून पानाची पुडी तिच्या सुनेनं, काजलनं घेतली. सागाचं पान, वर गवताच्या काडीची गाठ, आत तुरीचे दाणे. दलपत आकडा कधी तोंडानं सांगत नाही. त्याचा बापही सांगत नसे. सागपाड्यावरून तो डोंगर उतरून येतो, कुंभाराच्या ओट्यावर पुडी ठेवतो, तांब्याभर पाणी पितो, पाऊसपाण्याचे दोन शब्द बोलतो आणि निघतो. पुडीत जितके दाणे, तितके मातीचे घोडे.

घोडे देवाचे. कुणाचं अंथरुणाला खिळलेलं माणूस उठून बसलं, कुणाचा हरवलेला बैल आपल्या पायानं घरी आला, कुणाच्या विहिरीला पाणी लागलं. ज्यानं ज्यानं संकटाच्या वेळी देवाजवळ बोलून ठेवलं असेल, त्यानं त्यानं भात कापून झाला की टेकडीवर एक घोडा उभा करायचा. घोडा उभा राहीपर्यंत त्या घरात नव्या भाताचं शीत तोंडात जात नाही. जुनं खा, शेजारून आणून खा, उपाशी झोप, नवं नाही.

नवापूरच्या अलीकडे महामार्गाला खेटून असलेलं हे कुंभाराचं घर गजराबाईच्या आजेसासऱ्यापासून हे घोडे घडवत आलं होतं. माठाचं काय, माठ आता पाण्याच्या जारनं अर्धे केले. पणत्यांचं तेच विजेच्या माळांनी केलं. घोडे तेवढे राहिले. डोंगरातले बारा पाडे घोड्यासाठी याच ओट्यावर येत. ते यायचे थांबले तर चाक भिंतीला टेकून ठेवायचं, असं गजराबाई म्हणे, आणि ते ती गंमत म्हणून म्हणत नसे.

काजलनं दाणे मोजले. मोबाइल काढला आणि लिहिलं : दलपतदादा, घोडे सात. मग दाणे वाटीत टाकून वाटी फळीवर ठेवली.

"लिखं का?" गजराबाईनं मान वर न करता विचारलं.

"लिखं, आत्या."

"मंग दाना फेकी दे. तुन्हा फोन दानास्पेक्षा शाना शे."

काजल हसली. दाण्यांचं कोडं तिला लग्न होऊन आली त्याच वर्षी सुटलं होतं, निदान तिला तसं वाटे. आधीच्या माणसांना लिहिता येत नव्हतं, म्हणून दाणे. ती त्यांची वही. आता वही आली, फोन आला, तरी सवय सुटत नाही. म्हाताऱ्या माणसाची काठी सुटत नाही तशी.

काजल म्हसावदची. तिच्या बापाच्या, मगनच्या भट्टीत माठ व्हायचे, रांजण व्हायचे, दिवाळीला पणत्या. घोडा तिनं सासरीच पाहिला. चार वर्षांत ती सगळं शिकली. रंगावली नदीच्या काठची माती कुठं चिकट आहे आणि कुठं रेताड, ते तिच्या पावलांना कळू लागलं. घोड्याचं पोट ती चाकावर ओढी, ढोलकीसारखं गोल आणि पोकळ. चार पाय वळी, शेपूट लावी. फक्त मान तिच्या हाताला येत नव्हती.

मान म्हणजे घोडा. बाकी नुसतं मडकंच. माती ओली असताना बसवली तर मान लवते, वाळल्यावर बसवली तर सांधा धरत नाही. आणि दोन्ही साधून उभी राहिलीच, तर भट्टीत तडकते. गजराबाई काय करी, तर पोटात एक दाणा टाकी, वर मान चढवी, आणि सांध्याखाली उजव्या हाताचा अंगठा एकदा दाबून फिरवी. एवढंच. आणि ते होताना गुणगुणे :

एक दाना पोटमा, नही चारा नही पानी,
डोंगर चढस घोडा, वर बसनं शे कोनी.

काजलनं ही ओवी इतक्यांदा ऐकली होती की तिच्यातले शब्द तिला आता ऐकू येत नसत. अंगठा मात्र ती बघत राही. तिचा अंगठा तसाच फिरे, तितकाच दाबे, आणि भट्टी उघडली की मान वेगळी, धड वेगळं. मागच्या अंगणात तिच्या मोडक्या मानांचा ढीग होता. कोंबड्या त्यावर चढून बसत. नवनीत, तिचा नवरा, टेम्पो घेऊन सुरतेहून आला की म्हणे, "काय वं, कोंबडीस्नी घोडदळ उभं कयं का?"

दलपत यायच्या आधी, श्रावणात तालुक्याला बचत गटाचं प्रशिक्षण झालं होतं. तीन दिवस, दुपारचं जेवण, शेवटी प्रमाणपत्र. शिकवायला आलेल्या ताईंनी पहिल्याच दिवशी फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं : ग्राहकाच्या अपेक्षेपेक्षा जास्त. मग बायकांना विचारलं, "दुकानदारानं साखर मोजून दिली आणि वर अजून एक चिमूट टाकली, तर पुढच्या वेळी कुठं जाल?" सगळ्या हसल्या. उत्तर सांगायची गरज नव्हती. ताई म्हणाल्या, "शब्द कमी द्या, वस्तू जास्त द्या. बुधवार सांगा, मंगळवारी नेऊन पोचवा."

काजलनं हे मनात नीट बांधून आणलं. माठ घेणाऱ्या बाईला ती झाकण देऊ लागली. महामार्गावरच्या हॉटेलवाल्या चुडामणनं चहाचे पन्नास कुल्हड मागितले, तिनं त्रेपन्न दिले, आणि सांगितल्या दिवसाच्या एक दिवस आधी दिले. महिनाभरानं चुडामण शंभर मागायला आला आणि बसून चहा पिऊन गेला. गजराबाईनं त्या दिवशी सुनेला काही म्हटलं नाही. तिच्याकडून तेवढं पुष्कळ होतं.

मग दलपतचे सात घोडे सुरू झाले.

काजलनं पोटं ओढली. नेहमीप्रमाणे एक जास्तीचं ओढलं, एखादं वाळताना बसलंच तर हाताशी असावं म्हणून. सातही धड निघाली. गजराबाईनं दोन दिवसांत सात माना चढवल्या, सात दाणे टाकले. तिसऱ्या दिवशी ती हाताचं दुखणं दाखवायला नवापूरला गेली. बोटं हल्ली थरथरत होती, आणि एकदा अंगठाच सुन्न पडला होता. घरी काजल एकटी, समोर आठवं पोट रिकामं बसलेलं.

तिनं मान चढवली. अंगठा दाबला, फिरवला. मान उभी राहिली. तिनं हात काढला, तरी उभी. संध्याकाळी गजराबाई आली तेव्हा आठवा घोडा सातांच्या मागे, भिंतीकडे तोंड करून वाळत होता. गजराबाईनं तिकडं पाहिलं की नाही कोण जाणे. ती म्हणाली, "सकाय उन्हमा काढी ठेव," आणि हात धुवायला गेली.

भट्टी रचताना काजलनं आठवा अगदी मध्यावर ठेवला, जिथं आच सारखी लागते. गोवऱ्या लावल्या, पेंढा पसरला, वर राखेचा लेप दिला. काडी लावली आणि धूर उठला तसं तिच्या तोंडून निघालं, "टिकू दे रे देवा. ही एक मान टिकू दे, मंग मी काय मांगनार नही." मोठ्यानंच निघालं. ऐकायला कोंबड्या होत्या.

भट्टी उघडली तेव्हा आठही घोडे अखंड होते.

आता या घोड्याचं करायचं काय? फळीवर ठेवला तर धूळ खाणार. कुणाला दाखवायचा, तर गजराबाई म्हणणार, एक टिकला म्हणून काय व्हयनं. काजलला फळ्यावरची अक्षरं आठवली. दलपतदादा सात मागतात, टोपली उघडतात आणि आठ निघतात. बारा पाड्यांत नाव होईल. तिनं आठवा घोडा पेंढ्यात गुंडाळून टोपलीच्या तळाला ठेवला आणि त्यावर सात रचले.

दलपत दानियलच्या जीपमधून आला. दानियलही सागपाड्याचाच, पण रविवारी चर्चला जाणाऱ्या घरचा. घोड्यांशी त्याचा संबंध फक्त वाहतुकीपुरता. टोपली उचलताना तो म्हणाला, "बाई, तुझे घोडे चारा खाऊन जड झाले का?"

"वर जाऊन बघा," काजल म्हणाली. तिला हसू आवरत नव्हतं.

दोन दिवस ती फोनची वाट बघत राहिली. फोन आला नाही. तिसऱ्या दिवशी दलपत आला. ओट्यावर बसला नाही. काजलनं तांब्या पुढं केला, त्यानं तो घेतला आणि न पिता खाली ठेवला. तेव्हा गजराबाईनं चाक थांबवलं.

"गजराबेन," दलपत म्हणाला, "आठवा कुणाचा?"

"कसाना आठवा?"

"टोपलीत आठ निघाले. सात घरांची माणसं आंब्याखाली जमलेली, ढोलवाला आलेला. आमच्या पुजाऱ्यानं, बाज्याबाबानं एकेक काढून ठेवला. सात झाले. मग पेंढ्यातून अजून एक, आणि त्या गडबडीत घोडे हातोहात फिरून मिसळले, मागून निघालेला कोणता तेही राहिलं नाही."

काजल पुढं झाली. "मी दिला, दलपतदादा. वरचा. तुम्ही आमचे जुने गिऱ्हाईक. त्याचं काही मोल नाही, आमच्याकडून तुम्हाला."

दलपत तिच्याकडे बघत राहिला. रागानं नाही, घाट चढताना माणूस पुढचं वळण बघतो तसा.

"दाणा कुणाचा टाकलास त्यात?"

"दाणा नाही टाकला. दाणे सातच होते."

"हां," दलपत म्हणाला. "म्हणजे रिकामा."

मग तो बसला आणि त्यानं सावकाश सांगितलं. घरी तो मावची बोलतो. कुंभाराकडे बाजारची मराठी, शब्द मोजूनमापून. दाणा म्हणजे मोजणी नव्हे. ज्याच्या नावानं देवाजवळ बोललं गेलं, त्या माणसाच्या मुठीत तो एक रात्र राहतो. मग पानात येतो. घोड्याच्या पोटात बसतो आणि भट्टीत जळून जातो. जळाला की ते माणूस घोड्यावर बसलं. दाण्याशिवाय घोडा म्हणजे स्वाराशिवाय घोडा. तो टेकडीवर उभा केला तर स्वार शोधायला खाली पाड्यावर उतरतो आणि कुणालातरी घेऊनच परत चढतो.

"माणसं लगेच एकमेकांकडे बघायला लागली," दलपत म्हणाला. "कुणी बोलून ठेवलंय आणि लपवलंय? मग सगळ्यांचे डोळे आमच्या निर्मलाच्या पोटावर. माझी सून. सातवा महिना. बायांनी ठरवून टाकलं की घोडा तिच्या बाळासाठी आलाय. दोन दिवस झाले, तिची सासू तिला अंगणाच्या बाहेर जाऊ देत नाही. पोरगी काही बोलत नाही, नुसती उंबऱ्यात बसून राहते."

 काजलला सुचलं ते तिनं म्हटलं, "दादा, सगळे परत आणा. मी नवीन सात करून देते. पैसे नको."

"बाई," दलपत म्हणाला, "तू अजून देतेस."

 महामार्गावरून एक ट्रक गेला.

"दाणे एकदाच येतात," तो पुढं म्हणाला. "सात घरांत कणगीत नवा भात आहे आणि चुलीवर नागलीची भाकर. पोरं भाताच्या वासानं रडतात. आठातला रिकामा कोणता ते कळत नाही, म्हणून एकही वर चढवता येत नाही. आंब्याखाली उभे आहेत, गावाकडे पाठ करून. पाड्यावर बोलणं चाललंय की पुढच्या वेळेपासून पलीकडच्या कुंभाराकडे जावं, गुजरातमध्ये. त्याचे साच्यातले. मान घोड्यासारखी नसते, शेळीसारखी असते. पण मागितलं तेवढं देतो."

गजराबाईनं पदराला हात पुसले. एकेक बोट वेगळं पुसलं.

"आठवा कोनी कया?" तिनं सुनेला विचारलं.

"मी."

"आनि मान?"

"मीच."

गजराबाई दलपतकडे वळली. "तू मन्ही मान वळखस ना? तीस वरीस व्हयनात. मंग वळखी काढ जो मन्हा नही तो."

"तेच तर, गजराबेन," दलपत म्हणाला. "बाज्याबाबानं बघितले, मी बघितले, सगळ्यांनी बघितले. आठही तुझ्याच हातचे वाटतात."

काजलनं हे ऐकलं. चार वर्षं जे ऐकायला ती थांबली होती ते हेच होतं, आणि ते आता, असं, या माणसाच्या तोंडून आलं. तिला कुठं बघावं ते कळेना. ती जमिनीकडे बघत राहिली.

"जा वहू," गजराबाई म्हणाली. "डोंगरवर जा. जो तुन्हा शे तो तू उचल."

दानियलची जीप नाल्यापर्यंत गेली. पुढं पायवाट. दलपत पुढं, काजल मागं, आणि दानियल, ज्याला यायचं काही कारण नव्हतं, तोही. चढताना तो म्हणाला, "मला तर हे लागत नाही. पण टोपली मी उचलली होती. उद्या म्हणतील, आठवा दानियलनं आणला. म्हणून बघतो, कुणाचा निघतो ते."

आंब्याखाली माणसं आधीच बसली होती. सात घरांची पंधरावीस माणसं, बायका एका बाजूला. निवाड्यासाठी निर्मलालाही आणलं होतं, आणि त्यांत ती कोणती ते सांगावं लागलं नाही. तिच्या दोन्ही बाजूंना हातभर जागा रिकामी होती.

घोडे ओळीनं उभे होते. येणाऱ्या-जाणाऱ्यांनी त्यांच्या पाठीवर सागाची पानं टाकली होती, उघडं बघायला नको म्हणून. बाज्याबाबानं पानं उचलली. म्हातारा काटकुळा, गुडघ्यात वाकलेला, कानात चांदीची बाळी. "बघ," तो म्हणाला.

काजल ओळीसमोर उकिडवी बसली. तिलाही ओळखू येईना.

पोटं सगळी तिचीच होती. पाय तिचे, शेपट्या तिच्या. माना आठ, आठही ताठ, कान पुढं, जणू कुणी हाक मारली आणि सगळ्यांनी एकदम ऐकली. भट्टीच्या मध्यावरचा तिचा. तो जास्त लाल असेल. पण तीन तितकेच लाल होते. तिनं एकावर बोट ठेवलं आणि काढून घेतलं. मागं कुणीतरी बाई हळूच काही बोलली. दानियल खोकला.

चुकीचा उचलला तर काय होईल, ते तिला आता माहीत होतं. कुणाच्या तरी आजारातून उठलेल्या माणसाचा घोडा बाजूला पडेल आणि रिकामा वर जाईल. आणि इथं कुणालाही ते कधीच कळणार नाही. तिलाही नाही.

तिनं डोळे मिटले. डोळ्यांना कळत नाही ते हाताला विचारावं, असं गजराबाई माती निवडताना म्हणे. पहिल्या घोड्याच्या मानेखाली तिनं अंगठा नेला, सांध्यापाशी, जिथं दाबून फिरवलेल्या अंगठ्याचा खळगा असतो. खळग्यात आडवी रेघ लागली. बारीक, केसासारखी. फार वर्षांपूर्वी विळ्यानं गजराबाईचा अंगठा चिरला होता. ती खूण भरून आली पण गेली नाही. तो अंगठा जिथं जिथं दाबला गेला, तिथं तिथं ती रेघ उमटली होती.

दुसऱ्याला रेघ. तिसऱ्याला रेघ. चौथ्याचा खळगा जरा खडबडीत होता, तिनं दोनदा फिरवून पाहिलं, रेघ होती. पाचव्याला रेघ.

सहाव्याच्या मानेखाली तिचा अंगठा गेला आणि बसला. बसला म्हणजे, घरात शिरल्यासारखा बसला. रेघ नव्हती. तरी तिनं सातवा पाहिला, आठवा पाहिला. दोन्हीकडे रेघ. मग सहावा उचलून तिनं मांडीवर घेतला.

"हा," ती म्हणाली.

बाज्याबाबानं बाकीच्या सातांच्या मानांखाली स्वतः बोट फिरवलं. वेळ लागला. मग तो तिच्या समोर बसला. "हा कुणाचा?"

"माझ्या हातचा."

"हातचा नाही विचारलं. कुणासाठी?"

काजलच्या ओठांवर उत्तर तयार होतं. तुमच्यासाठी, बाबा, वरचा म्हणून. तिनं तेच दलपतला दिलं होतं, फळ्यावरच्या अक्षरांइतकं ठळक. पण घोडा मांडीवर होता आणि अंगठा अजून खळग्यातच होता.

"तुमच्यासाठी नव्हता," ती म्हणाली. "मी म्हटलं तसं, पण नव्हता. चार वर्षं माझी मान टिकत नव्हती. ही टिकली. मला ती कुठंतरी पोचवायची होती. तुमची टोपली जात होती, तिच्यात घातली."

बायकांमध्ये कुजबुज झाली. बाज्याबाबानं हात वर केला.

"टिकावी म्हणून बोलली होतीस?"

"बोलले होते. भट्टी पेटवताना."

"काय बोललीस?"

"टिकू दे रे देवा. ही एक मान टिकू दे."

"मनात?"

"नाही. मोठ्यानं."

"कुणी ऐकलं?"

काजलनं खरं तेच सांगितलं. "कोंबड्यांनी."

एक म्हातारी फिसकन हसली आणि तोंडाला पदर लावला. दानियल वर झाडाकडे बघू लागला. बाज्याबाबा हसला नाही.

"मागितलंस, आणि मिळालं," तो म्हणाला. "मग रिकामा कुठं आहे? स्वार आहे. दाणा तेवढा राहिला." आणि मग आठवल्यासारखं, "नवा भात खाल्लास का यंदा?"

काजल विचारात पडली. "भाकरी असते आमच्याकडे. भात रेशनचा."

"रेशनचा नवा कधी होता," दलपत म्हणाला, आणि आता मात्र सगळेच हसले. हसणाऱ्यांत निर्मला होती. तिच्या शेजारची बाई हसता हसता सरकली आणि मधली हातभर जागा गेली.

दाणा निर्मलानंच आणला. घरात गेली, मूठ मिटून आली आणि काजलच्या तळहातावर तुरीचा एक दाणा ठेवला. काजलनं तो मिटून धरला. एक रात्र धरायला हवा होता. बाज्याबाबा म्हणाला, चार वर्षं धरलायस, पुरे. मग तिनं घोड्याच्या तोंडाच्या भोकातून दाणा आत सोडला. तो पोटात पडला आणि खुळखुळला.

बाकीच्या सातांचे दाणे भट्टीत जळून गेले होते, ते गप्प होते. टेकडी चढताना ढोल वाजत होता, आणि ढोल थांबला की एका घोड्याच्या पोटातून पावलागणिक आवाज येत होता. खुळ्, खुळ्. काजल ओळीच्या शेवटी चालत होती. वर जुन्या घोड्यांची रांग होती. पार मातीत रुतलेले, गवतानं झाकलेले, कुणाचं डोकं गेलेलं, कुणाचे नुसते पाय राहिलेले. कितीतरी मानांखाली आजेसासऱ्याचा अंगठा असेल, सासऱ्याचा असेल. तिनं काही तपासलं नाही. आपला घोडा शेवटी ठेवला आणि हात झटकले.

खाली आल्यावर सात घरांत भात शिजला. तिलाही पानावर वाढला. मीठ घालून नुसता भात. तिनं तो खाल्ला. दानियलनं दोनदा मागून घेतला आणि म्हणाला, "मी बोललो नव्हतो काही, पण भूक लागली."

घरी आली तेव्हा दिवस कलला होता. गजराबाई चाकापाशी बसली होती, चाक बंद होतं. काजलनं सगळं सांगितलं. कोंबड्यांचं सांगताना म्हातारीच्या गालाला खळी पडल्यासारखी वाटली, पण उजेड कमी होता.

"आत्या, तुम्ले म्हाईत व्हतं?" काजलनं विचारलं.

"भट्टीमा आठ डोका दिसनात माले. मी आंधयी नही."

"मंग बोलनात का नही?"

गजराबाई आपला उजवा अंगठा डाव्या हातानं चोळत होती. "माले वाटनं, तू तो फयीवर ठेवशी. पयला घोडा कोनी वाटी टाकस का?" मग थोडं थांबून, "दाना कसाले ऱ्हास ते मी तुले सांगनं व्हतं. मीबी नही सांगं. माले वाटनं, ओवी ऐकी ऱ्हायनी, समजस व्हई."

त्या महिन्यात चुडामणच्या हॉटेलला शंभर कुल्हड गेले. काजलनं मोजून एकशे पाच दिले. चुडामण खूश झाला, त्यानं बदल्यात भज्यांची पुडी पाठवली. माठाबरोबर झाकणंही जात राहिली.

दलपत थंडीत पुन्हा आला, शेजारच्या पाड्याची पुडी घेऊन. गजराबाईचे हात त्या दिवशी कोरडे होते. ती ओट्यावर उन्हाला बसली होती. दलपत पाणी प्यायला. निर्मलाला मुलगी झाली, हे सांगितलं. भात बरा झाला, हेही सांगितलं. मग गजराबाईच्या समोरून पुढं जाऊन पुडी काजलच्या हातात दिली आणि निघाला.

काजलनं गाठ सोडली. फोन फळीवर होता, तो तिनं घेतला नाही. पान मांडीवर पसरलं आणि एकेक दाणा बोटानं बाजूला सारला. कुणाकुणाच्या मुठीतून आले होते ते. एक थोडा चपटा होता, एकाला हळदीचा डाग होता.

"मोजात का?" गजराबाईनं विचारलं.

"मोजात. नऊ शेत."

"आखो एकदाव मोज."

काजलनं पुन्हा पहिल्यापासून मोजायला घेतलं.